फावड्यांमागची काठी

शिकारीच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या ओरिनने मान वळवली तेव्हा लॉइसने हातातल्या किल्ल्या उगाच मोजायला घेतल्या. त्याआधी काही विशेष घडलं नव्हतं. दुकानाच्या मधोमध रोवलेल्या लाकडी खांबापाशी तिचा नवरा हार्लन उभा होता. त्याच्या एका हातात अ‍ॅल्युमिनियमची हातभर लांबीची काठी होती, झाडावर चढायची, वर दोन आणि खाली दोन पायऱ्या असलेली, आणि दुसऱ्या हातात त्या काठीची दोरी. दोरी खांबाभोवती फिरवायची, काठीच्या खाचेत बसवायची, वरून एक गाठ मारायची, एवढंच काम. हार्लनचा अंगठा दोरी घेऊन खाचेपर्यंत नीट जात होता आणि तिथे पोचला की आपल्याच मनाने चालू लागत होता. दोरी खाचेच्या डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू काढून घेऊन 'अरे असं नाही, असं' म्हटल्याशिवाय ओरिनला अन्न पचत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आज तो तसं म्हणाला नाही. तो वळला आणि शेजारच्या मांडणीवरच्या टोप्या नीट लावू लागला, आधीच नीट लावलेल्या. म्हणजे त्यालाही दिसलं. इतके महिने लॉइसने स्वतःची समजूत घातली होती की हे फक्त तिलाच दिसतं, तिला नाही तरी नसलेलं बघायची खोडच आहे. आता ओरिन टोप्या लावत होता आणि ती समजूत काही कामाची राहिली नव्हती.

वसंतात हार्लनने कपातून कॉफी पिणं सोडलं. झाकणाच्या मगमध्ये गरम राहते म्हणाला. बटणांचे शर्ट कपाटात मागे गेले, डोक्यातून घालायचे पुढे आले. खुर्च्यांच्या कारखान्यातून तो मुदतीआधीच निवृत्त झाला, कारण गुडघे. सगळ्यांनी माना डोलावल्या, या वयात गुडघे कुणाचे दुखत नाहीत? पण हार्लन तिथे साचे घडवायचा, बसून, भिंगाखाली, केसाएवढ्या फरकाचं काम, आणि त्यात गुडघ्यांचा संबंध काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लॉइसला सुचलं होतं. तिने विचारलं नाही. मग जूनमधला तो रविवार. प्रवचन सुरू झालं की त्यांच्या चर्चमध्ये बाकाबाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात, पाद्रीबुवाही तेवढ्यापुरते थांबतात, कागदांची चुरचुर होते आणि मग शांतता. त्या रविवारी शांतता झाली आणि एक कागद चुरचुरतच राहिला. हार्लनने गोळी मुठीत दाबून धरली होती, तरी तो कागद वाजत होता. पुढच्या बाकावरच्या बाईने किंचित मान फिरवली. लॉइसने त्याच्या मुठीतून गोळी काढून घेतली, सोलली, आणि त्याला न देता स्वतःच्या तोंडात टाकली. असं का केलं ते तिला अजून उमगलेलं नाही. बहुतेक त्याला भरवल्यासारखं दिसलं असतं म्हणून. हार्लनच्या वडिलांना शेवटी भरवावंच लागायचं. त्यांचा हात हलायचा त्याला घरात 'बाबांची थंडी' म्हणायचे, ऐन जुलैतसुद्धा, आणि कुणी तरी उठून त्यांच्या खांद्यावर शाल टाकायचं. लॉइस नवी सून होती तेव्हा तिनेही टाकली होती.

"ही दोरीवाली," ओरिन टोप्यांकडे बघतच म्हणाला, "सगळ्यात हलकी. आवाज म्हणून नाही. ती पट्टीवाली जरा जड आहे आणि तिचं बकल वाजतं. पण पट्टी ओढली की बसली. गाठबीठ काही नाही."

"ते बकल वाजलं की हरणं सगळी ओहायोला राहायला जातील," हार्लन म्हणाला.

"जाऊ देत की. तिथल्या लोकांचा नेम बघता शंभर वर्षं जगतील बिचारी."

दोघं हसले. मिशिगनमध्ये शेजारच्या ओहायो राज्याला नावं ठेवली की कुठल्याही अवघड गोष्टीवरून पुढे सरकता येतं. लॉइसही हसली आणि खांबाला टेकवलेल्या त्या दुसऱ्या, पट्टीच्या काठीकडे बघत राहिली. तिला या सामानाची माहिती होती ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून झालेली. पूर्वी हार्लन चार काठ्या न्यायचा. चारही एकावर एक बांधायच्या, शिडी झाली, चढून गेलं की कंबर आणि मांड्या धरणाऱ्या सॅडलमध्ये बसून झाडाला लटकायचं आणि हरणाची वाट बघायची. सगळं ओझं पाठीवर घेऊन दलदलीतून मैलभर चालायचं. आता म्हणे एकाच काठीने चढतात. काठी बांधायची, तिच्यावर चढायचं, कमरेचा दोर बुंध्याभोवती वर सरकवून त्याला लटकायचं, आणि मग पायाखालची काठी सोडून घेऊन वर पुन्हा बांधायची. पुन्हा चढायचं, पुन्हा लटकायचं. पायाखालचं आपणच काढून घ्यायचं, हे लॉइसला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही वेडेपणाचं वाटलं होतं. हार्लन आणि त्याचा मित्र मर्विन गेली दोन वर्षं ऑगस्टात मागच्या अंगणातल्या मेपलवर याचा सराव करायचे. वरचा माणूस काठी सोडण्याआधी ओरडायचा, "लटकलो", आणि खालच्याने त्याचा दोर, गाठ, कडी बघून उत्तर द्यायचं, "दिसतोयस". उत्तर आल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही. दोन म्हातारे होत चाललेले बाप्ये अंगणात लपाछपी खेळल्यासारखे ओरडायचे आणि लॉइस बटाटे सोलता सोलता हसायची. मर्विन आता मुलीकडे अ‍ॅरिझोनात राहायला गेला, आणि सरावाची काठी त्याची होती, तीही त्याच्याबरोबर गेली. तिथून तो निवडुंगाचे फोटो पाठवतो. यंदा हार्लन जंगलात एकटा जाणार होता.

"तू सांग," हार्लन म्हणाला. "कुठली घेऊ?"

तिला वाटलं तो ओरिनशी बोलतोय. तीस-पस्तीस वर्षांत हार्लनने तिला पडद्यांचा रंग विचारला होता, पण शिकारीच्या सामानातला बूटसुद्धा कधी विचारला नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता. डावा हात त्याने खिशात घातला होता आणि खिसा बारीक हलत होता. आणि तेवढ्या वेळात, ओरिनने एक टोपी उचलून दुसरीवर ठेवली तेवढ्या वेळात, लॉइसच्या डोक्यात सगळा हिशेब मांडून झाला. पट्टीवाली घेतली तर याला ती जमेल. जमली की तो एक ऑक्टोबरला, धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम उघडेल त्या पहाटे, एकटा दलदलीत जाईल, चढेल, वीस फुटांवर पायाखालची काठी काढून घेईल, आणि खालून 'दिसतोयस' म्हणायला कुणी नसेल. दोरीवाली घेतली तर ती याला जमणारच नाही. अंगणातच नाही जमणार, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तो चार दिवस चिडेल, आठ दिवस धुसफुसेल आणि मग काठी गॅरेजात टाकून म्हणेल की गुडघे. तिने काही बोलायला नको, भांडायला नको, डॉक्टरचं नाव काढायला नको. दोरी सगळं बोलेल. लॉइस कान तपासायच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. तिथे रोज माणसं येतात ज्यांना ऐकू येत नाही आणि जी म्हणतात की बायकोच अलीकडे पुटपुटते. त्यांना वाद घालून पटत नाही. त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि यंत्राने दाखवलं की मगच पटतं. हे ती नवऱ्याच्या बाबतीत करायला निघाली होती, त्याला न सांगता, आणि हे दुष्टपणाचं होतं, आणि तिला तो खाली मातीवर हवा होता.

"दोरीवाली घे," ती म्हणाली. "हलकी आहे. तुझ्या गुडघ्यांना बरी."

हार्लनने मान हलवली. गुडघ्यांचं निमित्त त्यानेच काढलेलं होतं. ओरिनने मात्र टोप्या सोडल्या आणि दुकानात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला नक्की हीच द्यायचीय ना, लॉइस?" त्याने विचारलं. ती म्हणाली हो, आणि पर्समध्ये किल्ल्या शोधू लागली, ज्या तिच्या हातातच होत्या.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने दोन जणांना एकच वेळ देऊन ठेवली. दुपारच्या सुट्टीत सँडविच टेबलावर तसंच टाकून ती गाडी घेऊन ओरिनच्या दुकानात गेली. काय करायला जातेय ते तिला माहीत नव्हतं. गाडी चालवतानाही ती स्वतःला सांगत होती की फक्त बदलून मिळते का ते विचारायचं. दुकानात तिने पट्टीवाल्या काठीकडे बोट दाखवलं.

"बदलून देऊ?" ओरिनने विचारलं.

"नको. ती राहू दे त्याच्याकडे. ही पण द्या."

ओरिनने काठी कागदात गुंडाळली, मग कागद फाडून पुन्हा गुंडाळली. "आणि हार्लनने मला काही विचारलं तर?"

"तो नाही विचारणार. आमच्याकडे कुणी काही विचारत नाही."

घरी येऊन तिने ती काठी गॅरेजच्या कोपऱ्यात बर्फाच्या फावड्यांमागे उभी केली. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत तिकडे कुणी जात नाही. का आणली, याचं उत्तर तिच्याकडे तेव्हाही नव्हतं. एखाद्याचा चष्मा लपवायचा आणि त्याच्यासाठी दुसरा चष्मा आपल्या खिशात घेऊन फिरायचं, तसा हा प्रकार होता. पण ती तिथे आहे एवढ्याने तिला जरा श्वास घेता येऊ लागला.

रोज जेवण झालं की हार्लन मेपलखाली जायचा. सरावाची रीत अशी की आधी घोट्याएवढ्या उंचीवर सगळं करायचं, पाय टेकता येतील अशा बेताने, आणि डोळे मिटूनही हात नीट चालू लागेपर्यंत वर जायचं नाही. लॉइस ताटं धुवायची. भांडी धुवायचं यंत्र असताना ती हाताने धुवायची, कारण नळ खिडकीखाली आहे. दोरी खाचेतून निसटताना तिला दिसायची. तो ओरडत नसे, काठीला लाथ मारत नसे; नुसता कपाळ बुंध्याला टेकवून उभा राहायचा आणि मग पुन्हा सुरू करायचा. त्याने लाथ मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. कपाळ टेकवलेला हार्लन तिने एकदाच पाहिला होता, मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, गाडीच्या स्टिअरिंगवर. घरी आल्यावर त्याने गळणारा नळ दुरुस्त केला होता. ते हात तेव्हा इतके स्थिर होते की त्यांचा तिला राग आला होता. आता ती त्याच नळाखाली ताटं धुवत होती आणि तिचा बेत सुरळीत चालला होता. दोरी जमत नव्हती. एक दिवस तो आत येऊन म्हणाला, "दोरीच चिकट आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "दमट हवा." तिने दोन्ही वेळा "असेल" म्हटलं. रात्री अंथरुणात त्याचा हात थांबलेला असायचा. झोपेत तो हलत नसे. ती अंधारात त्याच्या मनगटावर आपली बोटं ठेवायची आणि तो इतका शांत असायचा की सगळं आपल्याच मनाचं आहे असं वाटून तिला सकाळपर्यंत बरं वाटायचं.

सप्टेंबर लागला आणि एका संध्याकाळी तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. "लॉइस, ये. बघ." त्याने बूटही काढले नव्हते. ती ओल्या हातांनी बाहेर गेली. मेपलला काठी बांधलेली होती, दोरी खाचेत, वर गाठ, सगळं घट्ट. तिने धरून हलवलं, हललं नाही. "सोडतो आणि पुन्हा बांधतो, बघत राहा," तो म्हणाला. त्याने युक्ती शोधली होती. डावं मनगट तो बुंध्याच्या सालीवर दाबून धरायचा, सगळं अंग त्यावर रेटून, मग तो हात हलू शकत नसे, आणि तेवढ्यात उजव्या हाताने दोरी खाचेत, आणि गाठ दातांनी ओढायची. कोपरापर्यंत त्याचा हात खरचटून लाल झाला होता. म्हणून गेले काही दिवस लांब बाह्या, तिच्या लक्षात आलं.  तिला त्याचा असा अभिमान वाटला की त्याच क्षणी शेजाऱ्यांना हाक मारून दाखवावं, आणि लगेच भीती वाटून तिने सालीवर हात फिरवला. अंगणात साल होती, कोरडी, खडबडीत. दलदलीतल्या पहाटेला बुंधे दवाने निसरडे असतात. "छान," ती म्हणाली. "दातांचा विमा आहे ना आपला?" तो खूप दिवसांनी मोकळेपणाने हसला. आणि त्याला हसताना बघून तिला कळलं की तिचा बेत फसला होता. अवघड काठी देऊन तिने त्याला थांबवलं नव्हतं. तिने त्याला फक्त अधिक धोक्याच्या रीतीने चढायला लावलं होतं.

मग का नाही सांगितलं? त्या आठवड्यात रोज, दवाखान्यातून घरी येताना लाल दिव्यापाशी, ती वाक्य जुळवायची. हार्लन, गॅरेजात दुसरी काठी आहे. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं येणार होतं, की मग पहिली का दिलीस, आणि त्याच्या मागून तिसरं, की तुझा हात. त्या शेवटच्या वाक्यापर्यंत जायचं धाडस नव्हतं म्हणून पहिलंही राहिलं. दिवा हिरवा व्हायचा, मागची गाडी भोंगा वाजवायची, आणि ती घरी येऊन कोंबडी भाजायला ठेवायची.

शनिवारी दुपार उतरताना तो म्हणाला की आज जरा वर जाऊन बघतो, छपराच्या कडेपर्यंत. ती त्याच्या मागोमाग अंगणात गेली, सूप चुलीवर ठेवून. शेजारी आपल्या पोर्चवर खुर्च्या टाकून बसले होते, त्यांनी हात केला. हार्लनने पहिल्या दोन वेळा मनगट सालीवर दाबत सगळं नीट केलं. "लटकलो," तो म्हणाला, मर्विन नसताना, सवयीने, आणि उत्तर न आल्याने क्षणभर थांबला. लॉइसला 'दिसतोयस' म्हणायचं होतं. पण मर्विनच्या जागी आपण उभं राहायचं म्हणजे आपण या सगळ्याला हो म्हटलं, असं तिला वाटलं. त्याने खाली वाकून काठी सोडवली, छातीपाशी आणली, मनगट बुंध्याला लावलं. काठीला एक सुतळी बांधून ती कमरेला अडकवून ठेवायची असते, निसटली तर लोंबकळावी म्हणून. मर्विन कधी विसरत नसे. हार्लनने ती सुतळी बांधलीच नव्हती, कारण ती म्हणजे आणखी एक गाठ. काठी निसटली. पायरी बुंध्याला एकदा लागली आणि काठी लॉइसच्या पायापासून हातभर अंतरावर गवतात येऊन पडली.

 शेजाऱ्यांच्या पोर्चवर रेडिओ चालू होता, बेसबॉलचा. हार्लन जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर कमरेच्या दोराला लटकला होता, गुडघे बुंध्याला टेकलेले, पायाखाली काही नाही. तो पडणार नव्हता. तो दोर ट्रकसुद्धा धरेल. पण त्याला वरही जाता येईना आणि खालीही. उतरायचा लांब दोर पिशवीत होता, पिशवी खाली गवतात, आणि तो दोर वर पाठवला तरी त्यालाही दोन गाठी लागतात. हार्लनच्या सॅडलला अडकवलेली पातळ दोरी, धनुष्य वर ओढून घ्यायची, बुंध्याजवळ खाली लोंबत होती. तिचं टोक हलत होतं. वारा नव्हता.

"मी शिडी आणते," लॉइस म्हणाली.

"शिडी नको." त्याचा आवाज हळू होता. "ते दोघं बघतायत. शिडी आणू नकोस, लॉइस."

"मग काय, हिवाळाभर तिथे राहणार आहेस?"

"तीच काठी दोरीला बांधून दे. बांधतो मी."

तिने गवतातली काठी उचलली. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या हाताने कोमट झालं होतं. वर बघितलं तर तो मनगट सालीवर दाबून वाट बघत होता, आणि मनगट दाबूनही कोपर हलत होतं, खांदा हलत होता, अख्खा माणूस बारीक हलत होता. दमल्यावर ते वाढतं. तिने काठी खाली ठेवली आणि गॅरेजकडे धावली. शिडी भिंतीला आडवी टांगलेली होती, पावसाचे पन्हळ साफ करायची, लांब, पुरेशी. तिच्याखाली कोपऱ्यात बर्फाची फावडी. लॉइस दोन्हींच्या मधे उभी राहिली. शिडी नेली तर तो दोन मिनिटांत खाली येईल, हात धरून, शेजाऱ्यांसमोर, आणि पुन्हा कधी चढणार नाही. तिला नेमकं तेच तर हवं होतं. ऑगस्टपासून ती तेच मागत होती आणि आता ते भिंतीवरून काढून घ्यायचं तेवढं बाकी होतं. तिला सासऱ्यांच्या खांद्यावर टाकलेली शाल आठवली, आणि शाल टाकताना त्यांनी वर केलेले डोळे. ते डोळे आपल्याकडे का बघतायत ते तेव्हा नव्या सुनेला कळलं नव्हतं. त्यांना थंडी वाजत नव्हती. घरातल्या एका माणसाने तरी तसं म्हणावं एवढंच त्यांना हवं होतं. तिने फावडी बाजूला केली, ती खडखडत पडली, आणि कागद फाडत ती काठी घेऊन ती अंगणात परत आली.

लोंबत्या दोरीला तिने काठी बांधली. तिला येते तीच गाठ, बुटाची, दोनदा. "ओढ," ती म्हणाली. हार्लनने ओढली. काठी त्याच्या छातीपाशी पोचली तेव्हा त्याने ती पाहिली, पट्टी पाहिली, बकल पाहिलं. 

"ही कधी आणलीस?"

"दुसऱ्याच दिवशी."

"कुठे होती?"

"फावड्यांमागे."

रेडिओवर कुणी तरी चेंडू मैदानाबाहेर मारला होता, शेजारी टाळ्या वाजवत होते. हार्लन वर लटकून हिशेब करत होता. साचे घडवणारा माणूस, त्याला फार वेळ लागला नाही. लॉइस मान वर करून उभी राहिली आणि तिने नजर काढली नाही. ओरडला असता तरी तिने ऐकून घेतलं असतं. तो ओरडला नाही. त्याने मनगट सालीवरून काढलं आणि हात समोर धरला, स्वतःच्या तोंडापुढे, आणि तो हात जो काही करत होता ते त्याने त्याला करू दिलं, लपवलं नाही, दाबलं नाही.

"थांबत नाही गं हा," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून थांबत नाही."

"दिसतंय," लॉइस म्हणाली. मग जे आधी म्हणायचं राहिलं होतं ते म्हणाली. "दिसतोयस. दोर नीट आहे, कडी लागलीय. बांध आता."

त्याने पट्टी बुंध्याभोवती फिरवली आणि हिसडा दिला. बकल इतक्या जोरात वाजलं की शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला. काठी बसली. हार्लनने पाय ठेवले, उभा राहिला, आणि तिथे बारा फुटांवर दम घेत उभा राहिला. "गेली हरणं ओहायोला," तो म्हणाला. मग एकेका टप्प्याने खाली आला, लटकत, सोडत, खाली बांधत, दरवेळी थांबून तिच्या उत्तराची वाट बघत. तिने दरवेळी उत्तर दिलं. 

खाली आल्यावर कमरेचा पट्टा सोडायला त्याला वेळ लागला. लॉइसचे हात दोनदा पुढे झाले आणि दोनदा तिने ते मागे घेतले. आत सूप उतू जाऊन करपल्याचा वास येत होता. "बाबांची थंडी आहे ही," तो पट्ट्याशी झटत म्हणाला, "मला माहितीय. मंगळवारी फोन करतो डॉक्टरला."

"सोमवारी."

"सोमवारी." पट्टा सुटला. त्याने सॅडल तिच्यापुढे धरली. "दोरीवाली मुद्दाम दिलीस."

"हो."

"मला जमू नये म्हणून."

"तू पडू नयेस म्हणून."

त्याची सॅडल धरलेली मूठ आवळून पांढरी पडली होती, आणि तिला वाटलं की हा आता ती गवतात फेकून आत निघून जाणार. मग म्हणाला, "ये इकडे. माझ्या मापाची आहे, आवळावी लागेल." तिने विचारलं कशाला, आणि तो म्हणाला की वरून काय दिसतं ते बघितल्याशिवाय माणसाने काठ्या निवडू नयेत. ते टोचायला म्हणाला होता आणि टोचलं. तिने सॅडलमध्ये पाय घातले, चष्मा नीट केला. त्याने पट्टीवाली काठी मेपलला घोट्याएवढ्या उंचीवर बांधली, बकल पुन्हा वाजलं, दोर बुंध्याभोवती फिरवून तिच्या कमरेला लावला. ती काठीवर चढली. वीतभरच उंच, पण मागे रेलून सगळं वजन त्या दोरावर टाकायचं तर पाय शिवणयंत्रासारखे धडधडू लागले, आणि काही केल्या थांबेनात. मग हार्लनने खाली वाकून काठी सोडवून घेतली आणि तिच्या पायाखाली काही उरलं नाही. हवा होती आणि खाली गवत.

"लटकले," ती म्हणाली. 

हार्लनने दोराला हात लावून बघितला, गाठ बघितली, कडी बघितली. हात लावला तशी त्याच्या बोटांची थरथर दोरातून तिच्या कमरेपर्यंत आली आणि तिच्या पायांच्या थरथरीत मिसळली, आणि त्यातली कुठली कुणाची ते तिला सांगता येईना. त्याने हात काढून घेतला नाही.

"दिसतेयस," तो म्हणाला.

"पाय थांबत नाहीत, हार्लन."

"नसतील थांबत," तो म्हणाला. "दोर धरून आहे तुला. बस तशीच."